‘डबल-टोन्ड’ : एका विशेषणाची झडती

गोरेगांव स्टेशनाच्या पूर्वेकडून आरे रस्त्यानें चालत गेलें म्हणजे हमरस्ता ओलांडतांच शहराचा गजबजाट मागें पडतो आणि आरे कॉलनीची झाडी सुरू होते. त्या नाक्याच्या अलीकडे आमचे एक आप्त राहतात. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं आम्ही त्यांजकडे चहास बसलों असतां शेजारच्या सूनबाई दुधाची पिशवी हातांत घेऊन आल्या. कडेवर दीड वर्षांचें मूल होतें. आमच्या वहिनींनीं सहज विचारलें, “आज नेहमींचें दूध नाहीं वाटतें मिळालें?” त्यावर त्या मोठ्या उत्साहानें म्हणाल्या, “नाहीं हो काकू, मुद्दाम बदललें. बाळ अंग धरीत नाहीं, म्हणून आजपासून हें डबल आणायचें ठरवलें. नुसत्या टोन्डपेक्षां डबल-टोन्ड बरें, नाहीं का?”

आम्ही पिशवी हातांत घेऊन पाहिली. दर्शनी बाजूस दुग्धालयाचें नांव ठळक अक्षरांत होतें, आणि एका कोंपऱ्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘स्निग्धांश १.५ टक्के’ असें छापलें होतें. नेहमींच्या टोन्ड दुधांत तो ३ टक्के असतो. म्हणजे जिनें मुलाच्या पोषणासाठीं दूध बदललें, तिनें अजाणतां त्याच्या वाट्याचा स्निग्धांश निम्मा करून टाकला होता, आणि तो आपण दुप्पट केला अशा समाधानांत ती होती. दोन वर्षांच्या आंतील मुलांस स्निग्धांश काढलेलें दूध देऊं नये, असें बालरोगतज्ज्ञ सामान्यतः सांगतात. तेव्हां ही चूक केवळ हंसून सोडून देण्याजोगी नव्हती. बरें, या बाई अडाणी नव्हेत. त्या पदवीधर आहेत. त्यांच्या घरीं इंग्रजी वर्तमानपत्र येतें. किंबहुना इंग्रजी येत होतें म्हणूनच त्या फसल्या. इंग्रजीचें अक्षरहि न येणाऱ्या एखाद्या आजीबाईनें दूध तापवून, वरची साय पाहून, दुसऱ्याच दिवशीं ‘हें पाणचट दूध कोठून आणलेंस?’ असें विचारलें असतें.

या प्रसंगांत दोष कोणाचा? दूध कायद्याप्रमाणें निर्दोष होतें. पिशवीवर आंकडा छापलेला होता. दुकानदारानें मागितलेली वस्तु दिली. बाईंनीं शब्दाचा जो अर्थ सरळ दिसतो तोच घेतला. आमचें म्हणणें असें आहे कीं, दोष त्या जोडविशेषणाचा आहे; आणि आरेच्या परिसरांत, मुंबईंत व साऱ्या महाराष्ट्रांत तें कोणीहि अर्थ न विचारतां चालूं दिलें, म्हणून तो दोष आपणां सर्वांचा आहे. या विशेषणाची एकदां झडती घेणें अवश्य आहे.

प्रथम त्याचा पूर्वार्ध पाहूं. इंग्रजींत ‘डबल’ हें पद भूतकालवाचक धातुसाधितामागें लागून जीं विशेषणें होतात, त्यांत त्याचा अर्थ बहुधा उत्कर्षाचा असतो. मद्य ‘डबल-डिस्टिल्ड’ म्हटलें कीं तें दोनदां ऊर्ध्वपातन केलेलें, म्हणून अधिक कडक व अधिक शुद्ध. साखर ‘डबल-रिफाइन्ड’ म्हणजे अधिक स्वच्छ. कापड ‘डबल-डाइड’ म्हणजे दोनदां रंगांत बुडविलेलें, म्हणून पक्क्या रंगाचें. आणि त्यावरूनच अट्टल लबाडासहि हें विशेषण लावण्याची त्या भाषेंत चाल पडली. खुद्द दुधाच्या व्यवहारांत पाहिलें तर गोष्ट अधिकच स्पष्ट होते. इंग्लंडांत ‘सिंगल क्रीम’ या नांवानें जी साय विकतात तींत स्निग्धांश १८ टक्के असतो, आणि ‘डबल क्रीम’मध्यें ४८ टक्के. म्हणजे ज्यांची ही भाषा, त्यांच्या स्वयंपाकघरांत ‘डबल’ म्हणजे अधिक दाट. आणि आपल्याकडे? म्हशीच्या दुधांतील स्निग्धांश ६ टक्क्यांवरून ३ वर आणला कीं ‘टोन्ड’, आणि त्याचाहि निम्मा करून १.५ वर आणला कीं ‘डबल-टोन्ड’. जेथें वस्तु निम्मी होते तेथें शब्द दुप्पट होतो! दोनदां केलेली अशी कोणतीहि क्रिया येथें नाहीं. एकाच खेपेस स्निग्धांश ठरलेल्या प्रमाणावर आणतात. दुप्पट होतें तें केवळ विरळपण.

आतां उत्तरार्ध. ‘टोन’ या इंग्रजी शब्दाचें मूळ ग्रीक ‘टोनॉस’ या शब्दांत आहे. त्याचा अर्थ ताण. वाद्याची तार ताणली असतां तिला जी स्थिति येते ती, आणि पुढें तिच्यापासून निघणारा स्वर. त्या ग्रीक शब्दाचा आणि आपल्या संस्कृत ‘तन्’ धातूचा वंश एकच. तन् म्हणजे ताणणें, पसरणें. त्यापासून तंतु, तंत्र, तान, आणि मराठींतील ताण, ताणणें, विणकराचा ताणा. गवयाची तान आणि पिशवीवरचें ‘टोन्ड’ हीं अशीं दूरचीं भावंडें आहेत. ग्रीक वैद्यकांतून हाच शब्द शरीराकडे वळला. स्नायूंचा ताण टिकविणारें तें ‘टॉनिक’. हा शब्द तर आपल्या घराघरांत रुळलेला आहे. यामुळें इंग्रजींत या धातूच्या दोन उलट दिशा झाल्या. चित्रकार भडक रंग सौम्य करतो तें ‘टोन डाउन’ करणें, आणि व्यायामानें अंग घट्ट होतें तें ‘टोन अप’ होणें. नुसतें ‘टोन्ड’ म्हटलें तर वर कीं खालीं, कमी कीं अधिक, हें मुळीं कळतच नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांत मात्र टॉनिकाची आणि पिळदार शरीराची आठवण जागी होते. दुधास शोभेल असें दुसरें मोहक विशेषण शोधूं म्हटलें तरी सांपडणार नाहीं.

हें विशेषण इंग्लंडांतून आपल्याकडे आलेलें नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याचा जन्म मुंबईंतला आहे. दारा नसरवानजी खुरोडी या कर्तबगार पारशी गृहस्थांनीं १९४६ सालीं मुंबईंत ही युक्ति प्रथम अंमलांत आणिली असें मानलें जातें. मुंबईचें दूध त्या काळीं महाग व अपुरें होतें. शहराच्या गल्लीबोळांतील तबेल्यांत म्हशी दाटीवाटीनें कोंडलेल्या असत आणि घाण सर्वत्र पसरे. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतून आगगाडीनें दूध आणण्याची व्यवस्था झाली होती. पण त्या व्यवस्थेंत आपली नागवणूक होते म्हणून तेथील शेतकऱ्यांनीं १९४६ सालींच स्वतःचा सहकारी संघ स्थापन केला, ज्यांतून पुढें आणंदची प्रसिद्ध चळवळ वाढली. खुरोडी हे मुंबई सरकारचे दूध-आयुक्त झाले. त्यांच्याच पुढाकारानें १९४९ सालीं गोरेगांवच्या डोंगराळ भागांत, जेथें वारल्यांचे पाडे पूर्वींपासूनच होते तेथें, ३,१६२ एकरांवर आरेची दुग्धवसाहत उभी राहिली, आणि ४ मार्च १९५१ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. सुमारें १६,००० जनावरांची तेथील गोठ्यांत सोय झाली. खुरोडींस १९६३ सालीं त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अशा माणसाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं, आणि ती शोभणारहि नाहीं.

त्यांची युक्ति अशी. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश ६ टक्के किंवा त्याहून अधिक, आणि स्नेहविरहित घनांश, म्हणजे प्रथिनें, दुग्धशर्करा व क्षार मिळून, ९ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यांत नुसतें पाणी घातलें तर दोन्ही कमी होतात. परंतु पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली तर स्निग्धांश तेवढा उतरतो आणि घनांश जागेवर राहतो. स्निग्धांश ‘टोन डाउन’ आणि घनांश ‘टोन अप’, म्हणून ‘टोन्ड’, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. आंकडेमोड वाचकांनीं स्वतःच करून पाहावी. ६ टक्के स्निग्धांशाचें १०० किलो दूध घ्या. त्यांत सुमारें ९२ किलो पाणी आणि ८ किलो भुकटी घाला. ३ टक्के स्निग्धांशाचें २०० किलो टोन्ड दूध तयार होतें. तेंच १०० किलो दूध सुमारें २७२ किलो पाणी व २८ किलो भुकटी घालून ४०० किलोंपर्यंत वाढविलें कीं १.५ टक्क्याचें डबल-टोन्ड होतें. आज बहुतेक दुग्धालयांत यंत्रानेंच साय वेगळी करून हीं प्रमाणें साधतात. पण हिशेबाचें मर्म तेंच. एका म्हशीचें दूध दोघींचें होतें, मग चौघींचें होतें.

म्हणजे मूळ अर्थानें पाहतां हें दूध खरोखरच ताणलेलें आहे! थोडें दूध अधिक तोंडांपर्यंत पोंचावें म्हणून तें ताणलें, आणि ज्या प्रथिनांवर गरीब मुलांची वाढ अवलंबून असते तीं ताणतांना तुटूं दिलीं नाहींत. यांत लपविण्याजोगें काय आहे? आमच्या मतें ही विसाव्या शतकांतील मुंबईची एक अभिमानाची गोष्ट आहे. पुढें कलकत्ता, मद्रास, दिल्ली या शहरांनींहि तिचें अनुकरण केलें; आणि १९७० सालीं जी दुग्धक्रांतीची योजना सुरू झाली तिची उभारणी युरोपांतून देणगीदाखल आलेल्या भुकटीवर व लोण्याच्या तेलावरच झाली. आमची तक्रार दुधाविरुद्ध नाहीं, नांवाविरुद्ध आहे. जी गोष्ट उघड्यावर, लोकहितासाठीं, सरकारी देखरेखीखालीं झाली, तिला असें नांव कां मिळावें कीं तिचें मर्म सामान्य माणसापासून सत्तर-ऐंशी वर्षें झांकलेलें राहावें?

येथें जुन्या गवळ्याची आठवण करणें भाग आहे. दुधांत पाणी घालणारा गवळी हा आपल्या विनोदाचा कायमचा धनी. दुधाची घनता मोजण्याचें यंत्र आलें तेव्हां त्यानें त्यावरहि तोड काढली. नुसतें पाणी घातलें तर घनता उतरते आणि चोरी उघडी पडते. पण आधीं साय काढली तर घनता वाढते. म्हणून थोडी साय काढावयाची आणि थोडें पाणी घालावयाचें. यंत्राचा कांटा जागच्या जागीं! या गवळ्यानें केलेलें कृत्य आणि दुग्धालयाचें कृत्य यांत फरक किती? दोनच गोष्टींचा. एक, दुग्धालय घनांश ठरलेल्या प्रमाणावर राखतें, पाणी व घाण याविषयीं नियम पाळतें आणि दूध निर्जंतुक करतें. गवळी तसें करीत नाहीं. हा फरक मोठा आहे, आणि तो आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. दुसरा फरक असा कीं, दुग्धालय आपण काय केलें तें सांगतें आणि गवळी तें लपवितो. साय काढणें हा गुन्हा नव्हे. साय काढून पूर्ण दूध म्हणून विकणें हा गुन्हा. अन्नभेसळीच्या जुन्या कायद्याची आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची उभारणी याच तत्त्वावर आहे. म्हणूनच दुधाचा वर्ग पिशवीवर छापलाच पाहिजे असें बंधन आहे.

पण सांगितलें म्हणजे काय केलें? ज्याला सांगावयाचें त्याला समजेल असें बोललें तरच तें सांगणें. ज्या शब्दाचा अर्थ शंभरांतील नव्वदांस कळत नाहीं आणि उरलेल्या दहांस उलटा कळतो, तो छापल्यानें कायद्याचें पोट भरेल. प्रामाणिकपणाचें भरत नाहीं. दुग्धालय व लबाड गवळी यांच्यामधील या दुसऱ्या फरकाचा सारा भार त्या एका विशेषणावर आहे, आणि तें विशेषण मुकें आहे. हीच आमची मुख्य फिर्याद.

यावर कांहीं आक्षेप येतील ते आम्ही आधींच घेतों.

पहिला आक्षेप : “नांवांत काय आहे? पिशवीवर आंकडा छापलेला असतो. ज्यानें त्यानें वाचावा.” ज्यांस नांवांत कांहीं नसतें असें वाटतें त्यांनीं आरेकडेच पाहावें. ज्या जमिनीवर आमच्या सूनबाईंच्या खिडकींतून दिसणारीं झाडें उभीं आहेत, तिला ‘वन’ म्हणावें कीं ‘दुग्धवसाहत’ म्हणावें, यावर या शहरांत केवढें रण माजलें! ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें आरेला वन ठरविण्याची मागणी फेटाळली आणि त्याच रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें तोडण्यास आरंभ झाला. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविण्यास सांगितलें, तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. पुढें त्याच आरेचा आठशेंहून अधिक एकरांचा भाग राखीव वन म्हणून जाहीर झाला. झाडें तींच, माती तीच; एका शब्दानें कुऱ्हाड चालते आणि एका शब्दानें ती थांबते. त्या वादांत कोणाची बाजू खरी हा येथें प्रश्न नाहीं. नांवावर कांहीं अवलंबून नसतें, हें तरी आरेच्या शेजाऱ्यांनीं म्हणूं नये. राहिला आंकडा. आंकडा आधार देतो, पण दुकानापुढें रांगेंत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडीं आंकडा नसतो, नांव असतें. माणूस नांवानें मागतो, नांवानें निवडतो आणि नांवानें फसतो.

दुसरा आक्षेप : “‘टोन्ड’ हा शब्द आतां मराठीच झाला आहे, बस, टेबल, पेन चालतात, मग हा कां नको?” आम्ही परकीय शब्दांचे वैरी नाहीं. पोर्तुगिजांनीं आणलेला बटाटा आम्ही आवडीनें खातों आणि त्याला तसेंच म्हणतों. टेबल म्हटलें कीं डोळ्यांपुढें टेबल उभें राहतें; शब्दानें आपलें काम केलें, मग त्याचें कुळ विचारण्याचें कारण नाहीं. आमची कसोटी एवढीच आहे : शब्द ऐकतांच वस्तु कळते कीं नाहीं? बस व टेबल हे या कसोटीस उतरतात. ‘डबल-टोन्ड’ उतरत नाहीं, कारण तो उच्चारतांच वस्तूची उलटी आकृति मनांत उभी राहते. रुळणें निराळें आणि समजणें निराळें.

तिसरा आक्षेप याच्या अगदीं विरुद्ध टोंकाकडून येईल. भाषाशुद्धीचे कैवारी म्हणतील, “मग एखादा संस्कृत शब्द घडवूं, ‘द्विसंस्कारित’ किंवा ‘अल्पस्निग्धीकृत’ म्हणूं.” महापौर, दिनांक यांसारखे शब्द सावरकरांच्या चळवळींतून आले आणि सर्वांच्या तोंडीं बसले, हें ऋण आम्ही मानतों. पण ते बसले याचें कारण ते सुटसुटीत होते आणि ज्या अर्थासाठीं घडविले तो अर्थ सांगत होते. ‘द्विसंस्कारित’मध्यें ‘डबल-टोन्ड’चेंच पाप संस्कृतांत न्हाऊन परत येतें. संस्कार म्हटल्यावर कांहीं तरी चांगलेंच झालें असणार, आणि तेंहि दोनदां! इंग्रजी कोडें काढून त्याच्या जागीं संस्कृत कोडें ठेवणें ही भाषेची सेवा नव्हे.

मग शब्द कोठून आणावयाचा? आमच्या मतें तो आणावयाचाच नाहीं. तो घरांतच आहे. दुधाच्या बाबतींत मराठी दरिद्री नाहीं. बिनपाण्याचें तें निरसें, कांसेखालचें ऊन तें धारोष्ण, नुकत्याच व्यालेल्या गाईम्हशींचा तो चीक, अर्धवट विरजलेलें तें अदमुरें. ज्या भाषेनें दह्याच्या कच्चेपणालाहि वेगळें नांव दिलें, तिला कमी सायीच्या दुधासाठीं परक्याच्या दारीं जाण्याचें कारण काय? ‘पातळ दूध’ म्हणतां येणार नाहीं, कारण त्यांत पाण्याचा आळ आहे. ‘हलकें दूध’ म्हणतां येणार नाहीं, कारण हलकें म्हणजे कमी प्रतीचें असाहि अर्थ होतो. पण आपण दुधाची जात ज्यावरून ओळखतों ती वस्तु साय; आणि मराठींत अपूर्णांकांची जी घरगुती नांवें आहेत तीं सर्वांस पाठ आहेत.

आतां कायद्यानें ठरविलेलीं प्रमाणें पाहा. पूर्ण सायीच्या दुधांत स्निग्धांश ६ टक्के. ‘स्टँडर्डाइज्ड’ नांवाच्या दुधांत ४.५ टक्के. ‘टोन्ड’मध्यें ३ टक्के. ‘डबल-टोन्ड’मध्यें १.५ टक्का. आणि ‘स्किम्ड’मध्यें फार तर अर्धा टक्का. सहा, साडेचार, तीन, दीड! ज्यानें लहानपणीं पावकी-निमकी पाठ केली आहे त्याच्या कानांत हे आंकडे तत्काळ बोलूं लागतील. साडेचार म्हणजे सहाचे पाऊण. तीन म्हणजे निम्मे. दीड म्हणजे पाव. एक दशांशहि इकडचा तिकडे करावा लागत नाहीं. तेव्हां सायीचें दूध, पाऊणसायी दूध, निमसायी दूध, पावसायी दूध आणि बिनसायी दूध, अशी ही उतरंड सरळ लावतां येते. यांत एकहि शब्द नवा नाहीं. निमसरकारी, निमशहरी आपण रोज म्हणतोंच. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ‘पावसायी’ हा शब्द ऐकून दुप्पट सायीचा भ्रम कोणासहि होणें शक्य नाहीं.

शास्त्रज्ञ म्हणतील कीं साय म्हणजे निव्वळ स्निग्धांश नव्हे, तींत प्रथिनेंहि असतात. शिवाय ज्या दुधांतील स्नेहाचे कण यंत्रानें बारीक फोडलेले असतात त्यावर साय नीट धरतच नाहीं. हें खरें आहे. परंतु व्यवहाराचें नांव हें प्रयोगशाळेचें सूत्र नसतें. ‘सूर्य उगवला’ म्हणतांना आपण ज्योतिषाची हेटाळणी करीत नाहीं. साय हें मराठी घरांत दुधाच्या स्निग्धतेचें चिन्ह आहे, आणि नेमका आंकडा शेजारीं छापलेला राहीलच. कोणी गाईच्या दुधाविषयीं विचारील. तर त्याचा स्निग्धांश निसर्गतःच निमसायीच्या किंचित वर असतो, आणि तें ‘गाईचें दूध’ या नांवानें मिळतेंच. त्याला या उतरंडींत बसविण्याची गरज नाहीं.

व्यापारी म्हणतील, ‘पाव’ म्हटलें तर गिऱ्हाईक तोंड फिरवील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यांस कमी साय हवी असे लोक आज थोडे नाहींत. हृदयविकाराच्या रोग्यांस, वजनाची चिंता वाहणाऱ्यांस, उतारवयांतील मंडळींस वैद्य हेंच दूध सुचवितात. त्यांस तें नांवानेंच सांपडेल. ज्यांस कमी पैशांत प्रथिनें हवीं आहेत त्यांसहि काय मिळतें तें कळेल. तोंड फिरवील तो फक्त तो गिऱ्हाईक, ज्याला हें दूध नकोच होतें आणि जो शब्दाला भुलून तें नेत होता. अशा गिऱ्हाइकावर धंदा चालवावयाचा असेल तर लबाड गवळ्याला आपण कोणत्या तोंडानें दोष देणार?

आम्ही कायदा बदला असें म्हणत नाहीं. नियमांत ठरलेलें नांव हवें तर राहो; त्याच्या शेजारीं, तितक्याच ठळक अक्षरांत, मराठी नांव छापण्यास दुग्धालयांस कोणतीहि अडचण दिसत नाहीं. महाराष्ट्रांतील सहकारी संघ मराठी शेतकऱ्यांचे आहेत आणि मराठी गिऱ्हाइकांवर चालतात. हा आरंभ त्यांनींच करावा हें उचित. आणि संघ करोत वा न करोत, वाचकांनीं आपल्या घरापासून तो करावा. उद्यां सकाळीं दुकानांत ‘टोन्ड’ न मागतां ‘निमसायी’ मागा. दुकानदार प्रथम पाहत राहील, मग अर्थ विचारील, आणि तुम्ही तो एका वाक्यांत सांगाल. इतक्या वर्षांत ‘टोन्ड’चा अर्थ कोणीं कोणास एका वाक्यांत सांगितल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं सूनबाईंस हें सारें सांगितलें तेव्हां त्या प्रथम ओशाळल्या आणि मग संतापल्या. संताप दुकानदारावर नव्हता, दुग्धालयावरहि नव्हता. “मला इंग्रजी येतें ना!” एवढेंच त्या म्हणाल्या. आमच्या वहिनींनीं ती पिशवी ठेवून घेतली. घरांत साठी उलटलेलीं आम्ही दोघें-तिघें होतोंच, आमच्या चहाला ती पुरली. बाळासाठीं दुसरी पिशवी आणण्यास त्या पुन्हां नाक्यावर गेल्या.